त्याचं वचन, तिचा होकार

नवऱ्याचं बाहेर काही आहे असं कळलं, की घरातली मोठी माणसं आधी बायकोची समजूत काढायला बसतात. पुरुषाची जातच ती, घरी येतोय ना, संसार मोडू नकोस. बायकोचं तसंच काही निघालं तर नवऱ्याची अशी समजूत काढायला कोणी येत नाही. यामागे एक पक्का समज आहे. पुरुषाचं शरीर एकीकडे जातं आणि मन घरी राहू शकतं. बाई मात्र शरीराने गेली म्हणजे मनाने आधीच गेलेली असते. पारावरच्या म्हाताऱ्यापासून विवाह समुपदेशकापर्यंत बहुतेक जण हे गृहीत धरूनच बोलतात. गेल्या पन्नासेक वर्षांत मानसशास्त्रज्ञांनी हा समज मोजून पाहिला आणि आपल्या न्यायालयांनी त्यावर निकाल दिले. दोन्हीकडचे कागद शेजारी ठेवून वाचले, की त्यातलं खरं किती आणि सोयीचं किती हे बऱ्यापैकी दिसतं.

सगळ्यात गाजलेला प्रयोग फ्लोरिडातला. रसेल क्लार्क आणि इलेन हॅटफिल्ड या दोन संशोधकांनी 1978 मध्ये आणि पुन्हा 1982 मध्ये फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीच्या आवारात काही विद्यार्थी-विद्यार्थिनींना कामाला लावलं. त्यांनी अनोळखी मुलाला किंवा मुलीला गाठायचं, तू मला फार आवडतोस किंवा आवडतेस असं सांगायचं आणि तीनपैकी एक प्रश्न विचारायचा. आज संध्याकाळी बाहेर भेटायचं का? माझ्या खोलीवर येशील? माझ्याबरोबर झोपशील? बाहेर भेटायला मुलगे आणि मुली दोघांपैकीही साधारण निम्मे तयार झाले. तिसऱ्या प्रश्नाला पहिल्या वेळी 75 टक्के आणि दुसऱ्या वेळी 69 टक्के मुलग्यांनी हो म्हटलं. मुलींमध्ये दोन्ही वेळा एकही नाही. हा निबंध छापून यायला 1989 उजाडलं. त्यानंतर मात्र तो जगभर पुरावा म्हणून फिरला: बघा, पुरुषाला प्रेमाची गरज नाही आणि बाई प्रेमाशिवाय हलत नाही.

पण त्या मुलींना विचारलेला प्रश्न प्रेमाचा होता का? एक धडधाकट अनोळखी पुरुष रस्त्यात थांबवतो आणि खोलीवर चल म्हणतो. पुण्यातल्या, नागपुरातल्या कुठल्याही मुलीला विचारा, तिच्या मनात पहिला विचार कोणता येईल. जिवंत परत येऊ का, हाच. मिशिगन विद्यापीठातल्या टेरी कॉन्ली यांनी 2011 मध्ये नेमकं हेच पुढे आणलं. समोरचा माणूस धोकादायक वाटतो का आणि त्याच्याकडून काही सुख मिळेल असं वाटतं का, या दोन गोष्टी विचारात घेतल्या की स्त्री-पुरुषांच्या उत्तरांतली दरी पुष्कळ कमी होते, असं त्यांना आढळलं. 2015 मध्ये जर्मनीत आंद्रेआस बारानोव्स्की आणि हाइको हेख्ट यांनी तर धोकाच काढून टाकला. फोटोतली माणसं भेटायला तयार आहेत, भेट सुरक्षित जागी होईल, अशी खात्री देऊन निवड करायला सांगितली. तेव्हा जवळजवळ सगळ्याच स्त्रियांनी निदान एका पुरुषाची निवड केली. पुरुषांनी जास्त जणी निवडल्या, हे खरं. फरक उरला, पण शून्य आणि पंचाहत्तर असा नव्हे.

सुखाचं गणित तर त्याहून बोलकं आहे. एलिझाबेथ आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन कॉलेजांतल्या हजारो मुलींच्या उत्तरांवरून 2012 मध्ये दाखवलं, की एखाद्या मुलाशी पहिल्यांदाच तात्पुरता संबंध आला तेव्हा 11 टक्के मुलींना ऑर्गॅझम मिळाला. टिकलेल्या नात्यात हे प्रमाण 67 टक्के होतं. म्हणजे नात्यात शिरल्यावर बाईला शरीरसुख मिळतं, कारण तिथे समोरचा तिच्याकडे लक्ष देतो. मग ती आधी नातं मागते यात गूढ काय आहे? जिथे जेवण मिळतं त्याच खाणावळीत माणूस पुन्हा जातो. याला हळव्या मनाचं लक्षण समजणं हा बाईच्या व्यवहारबुद्धीचा अपमान आहे.

ही सगळी अमेरिकेतली आणि युरोपातली कॉलेजची पोरं, आपला काय संबंध, असं कोणी म्हणेल. संबंध आहे, आणि तो उलट्या बाजूने आहे. बाईला आधी मन लागतं हे ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्याच समाजाने कांदेपोह्यांच्या दोन भेटींनंतर तिची पहिली रात्र ठरवली. आजीच्या काळात तर त्या दोन भेटीही नव्हत्या. मन जुळायची वाट कोणी पाहिली नाही. ते नंतर जुळेल, नाहीतर मुलं झाली की जुळेल, असा हिशेब होता. आपण ज्याला बाईचा स्वभाव म्हणतो त्याला आपल्याच लग्नपद्धतीत जागा नव्हती. वात्स्यायनाला मात्र हे कळत होतं. कामसूत्राच्या तिसऱ्या अधिकरणात नवविवाहितेचा विश्वास कसा मिळवावा यावर अख्खा अध्याय आहे. पहिल्या तीन रात्री संयम पाळावा आणि घाई करणाऱ्याचा वधूला तिटकारा बसतो, असं तो बजावतो. बाईला सुख पुरुषासारखं होतं की नाही, या जुन्या वादात नाही म्हणणाऱ्या औद्दालकी या आचार्याचं मत नोंदवून शेवटी दोघांचं सुख एकाच जातीचं, असा निर्वाळाही तो देतो. आणि गोदावरीच्या परिसरातल्या महाराष्ट्री प्राकृतातली, सातवाहन राजा हालाच्या नावावरची गाथासप्तशती ज्यांनी चाळली असेल, त्यांना तिथल्या बायका मन आणि शरीर वेगळं काढत बसलेल्या आठवणार नाहीत.

आता मत्सराकडे येऊ, कारण प्रेम आणि शरीर यांची गाठ आपण कुठे मारतो ते मत्सरात उघडं पडतं. डेव्हिड बस आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये विद्यार्थ्यांना विचारलं: जोडीदाराने दुसऱ्याशी शरीरसंबंध ठेवला तर जास्त लागेल, की दुसऱ्यावर जीव जडला तर? 60 टक्के पुरुषांना शरीरसंबंध जास्त झोंबला. स्त्रियांपैकी 83 टक्क्यांना जीव जडणं. बस यांचं स्पष्टीकरण उत्क्रांतीचं होतं. मूल आपलंच आहे याची खात्री पुरुषाला नसते. पोटच्या पोराला पोसणारा निघून जाईल ही भीती बाईला असते. रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी 1972 मध्ये मांडलेल्या विचाराचा हा धागा. गर्भ नऊ महिने जी वाढवते ती निवड जपून करणार, यात दम आहे, आणि तो झटकून टाकण्यात मला रस नाही. सरासरीने पुरुषांची कामेच्छा अधिक वारंवार उफाळते, असं सांगणारी संशोधनंही पुष्कळ आहेत. शेतातल्या उंदरांमधलं ऑक्सिटोसिन हे संप्रेरक दाखवून माणसाच्या बाईचा स्वभाव सांगणारे लेख मात्र मी बाजूला ठेवतो.

चारच वर्षांत, 1996 मध्ये, दोन वेगवेगळ्या गटांनी या निष्कर्षाला साधा प्रश्न विचारला. डेव्हिड डिस्टेनो आणि पीटर सॅलव्ही हा एक गट, क्रिस्टीन हॅरिस आणि निकोलस क्रिस्टेनफेल्ड हा दुसरा. त्यांचं म्हणणं असं, की लोक दोन्ही गोष्टी सुट्या धरतच नाहीत. बाई दुसऱ्याबरोबर झोपली म्हणजे तिचं त्याच्यावर प्रेमही असणार, असा पुरुषाचा तर्क. आणि पुरुष झोपला तर त्याचा काही अर्थ असेलच असं नाही, पण प्रेमात पडला तर झोपणार हे नक्की, हा बाईचा तर्क. दोघांनाही दुहेरी फसवणूकच जास्त लागते. ती कशात दिसते एवढाच फरक. पहिल्या परिच्छेदातला पारावरचा समजच इथे मोजला गेला. मत्सर उपजत असेल नसेल, पण तो कशावर भडकावा हे आपण समोरच्या जातीबद्दल जे ऐकत वाढलो त्यावर ठरतं.

डोरोथी टेनोव्ह यांनी 1979 मध्ये प्रसिद्ध केलेली माहिती यापुढे ठेवली की चित्र आणखी हलतं. प्रेमाचा मागमूस नसताना कोणाबद्दल शारीरिक ओढ वाटली, असं 79 टक्के पुरुषांनी सांगितलं. ठीक, अपेक्षितच. पण 53 टक्के स्त्रियांनीही तेच सांगितलं. उलट, प्रेमात होते पण शरीराची गरज वाटली नाही, असं 61 टक्के स्त्रियांनी आणि 35 टक्के पुरुषांनी म्हटलं. म्हणजे प्रेम आणि शरीर यांची ताटातूट दोघांनाही जमते. पुरुष शरीर सुटं करतो, बाई प्रेम सुटं करते. ज्याला आपण बाईचं जोडणं म्हणतो त्याचा निम्मा भाग तिचं तोडणंच आहे. नवऱ्यावर जीव आहे, पण रात्रीचा कंटाळा आहे, असं मैत्रिणीजवळ बोलणाऱ्या बायका आपल्या घराघरांत आहेत. त्यांच्या नवऱ्यांना याचा अर्थ प्रेम आटलं असा लागतो. भांडणं नेमकी इथे होतात.

पुरुषाच्या बाजूचंही एक सांगायला हवं, कारण त्याच्याबद्दल कोणी सांगत नाही. मी प्रेमात पडलोय असं आधी कोण म्हणतं, हे मेरिसा हॅरिसन आणि जेनिफर शॉर्टॉल यांनी विद्यार्थ्यांना विचारलं. 2011 मध्ये आलेलं उत्तर होतं, मुलगे. ते आधी पडतात आणि आधी बोलतात. दगडी समजला गेलेला पुरुष प्रेमात घाईचा निघतो. आपल्याकडे त्याला ते बोलायची सोय फार कमी ठिकाणी आहे. मित्रांमध्ये त्याने शरीराच्या बढाया मारायच्या असतात. मन गुंतलं असं म्हटलं तर चेष्टा होते. आणि गुंतलेलं मन नकार मिळाल्यावर मालकीहक्क सांगायला लागलं, की एकतर्फी प्रेमातून हल्ला अशी बातमी पेपरात येते. त्या हल्लेखोराला फक्त शरीर हवं होतं असं म्हणायची कोणाची छाती आहे? त्याला ती आख्खी हवी होती, तिच्या होकारासकट.

र. धों. कर्वे यांनी हा गुंता शंभर वर्षांपूर्वी गणिताच्या प्राध्यापकाच्या कोरडेपणाने सोडवायला घेतला होता. 1921 मध्ये मुंबईत त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं. 1927 च्या जुलैत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि 1953 मध्ये मरेपर्यंत चालवलं. विल्सन कॉलेजातली नोकरी या कामापायी गेली, पत्नी मालतीबाईंनी साथ दिली, खटले झाले. 1934 च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. तरी 200 रुपये दंड झालाच. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली, हा त्या वेळचा गुन्हा. कर्व्यांचा मुद्दा आज वाचतानाही अंगावर येतो. बाईची कामवासना पुरुषाइतकीच खरी आहे. ती दाबली जाते कारण परिणाम तिला भोगावे लागतात. परिणामांची भीती काढा, मग तिचा स्वभाव काय तो बघू. शरीराच्या गरजेवर प्रेमाची झूल चढवण्याचा त्यांना कंटाळा होता. इथे मला वाटतं ते थोडे जास्तच सरळ रेषेत गेले. गर्भधारणा टाळता आली तरी बदनामी टाळता येत नाही, आणि बदनामीवर कुठलंच साधन निघालेलं नाही.

परिणामांच्या बाबतीत आपण किती पुढे आलो? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019 ते 2021 च्या फेरीत 37.9 टक्के विवाहित जोडप्यांनी स्त्रीच्या नसबंदीवर भिस्त ठेवली होती. पुरुषाच्या नसबंदीवर 0.3 टक्क्यांनी. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी आणि कमी धोक्याची असूनही. समागम दोघांचा, टाके एकीला. ज्याला खर्च नाही तो प्रेम आणि शरीर वेगळं ठेवू शकतो. जिला आहे ती आधी विचारणारच, की तू थांबणार आहेस ना?

बदनामीचं मोजमाप करण्याची एक नामी युक्ती 2003 मध्ये अमेरिकेत मिशेल अलेक्झांडर आणि टेरी फिशर यांनी केली. आजवर किती जणांशी संबंध आला, हा प्रश्न त्यांनी तीन परिस्थितींत विचारला. उत्तर दुसरं कोणी वाचेल अशी शक्यता असताना मुलींची सरासरी 2.6 आली. खोटं पकडणाऱ्या यंत्राला जोडलंय असं सांगितल्यावर तीच 4.4 वर गेली. मुलग्यांची 3.7 वरून 4.0. म्हणजे यंत्रापुढे मुली मुलग्यांच्या बरोबरीने, किंबहुना किंचित पुढे. यंत्र बनावट होतं. आपल्याकडच्या पाहणीत दारात बसून, आतल्या खोलीत सासू असताना विवाहित बाई काय सांगत असेल याचा अंदाज करावा.

विभावरी शिरूरकर हे नाव 1933 मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’वर आलं तेव्हा महाराष्ट्रात गदारोळ झाला. शिकलेल्या, कमावत्या, अविवाहित मुलींनाही इच्छा असते, एवढंच त्या कथांत होतं. लेखिकेला, म्हणजे पुढच्या मालती बेडेकरांना, खरं नाव लपवून ठेवावं लागलं. आणि 1972 मध्ये तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ नाटकावरून रणकंदन झालं, तेव्हा त्यातल्या चंपाला सखारामचा स्पर्श सोसायला आधी दारू लागते, याबद्दल फारशी कोणाची तक्रार नव्हती. संस्कृती बुडत होती ती वेगळ्याच कारणाने.

आता न्यायालयं. 1860 च्या भारतीय दंड संहितेचं व्यभिचाराचं कलम 497 हे 2018 पर्यंत चाललं. दुसऱ्याच्या बायकोशी तिच्या नवऱ्याच्या संमतीशिवाय संबंध ठेवणारा पुरुष गुन्हेगार. बाई गुन्ह्यात साथीदारही नाही. नवऱ्याने संमती दिली तर गुन्हाच नाही. नवऱ्याने बाहेर संबंध ठेवले म्हणून बायकोला मात्र याखाली तक्रार करता येत नव्हती. 1985 मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या खंडपीठाने हे कलम कायम ठेवताना, भुलवणारा सहसा पुरुषच असतो असं मत नोंदवलं. बाई भुलते, ती स्वतः होऊन काही ठरवते असं कायद्याच्या डोक्यात नव्हतं. 27 सप्टेंबर 2018 रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते कलम रद्द केलं. त्या पीठात यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. गर्भपाताच्या 1971 च्या कायद्यातही गर्भनिरोधक फसल्याचं कारण फक्त विवाहितेला आणि तिच्या नवऱ्याला होतं. अविवाहितेचं गर्भनिरोधक फसूच शकत नाही, कारण ती ते वापरतच नसणार! 2021 च्या दुरुस्तीत ‘नवरा’ जाऊन ‘जोडीदार’ आला.

पण आपला खरा विषय जिथे रोज कोर्टात उभा राहतो तो गुन्हा मराठी पेपरात ठरावीक शब्दांत येतो: लग्नाचे आमिष दाखवून अत्याचार. 2014 मध्ये ‘द हिंदू’ने दिल्लीच्या जिल्हा न्यायालयांतले बलात्काराचे निकाल तपासले. संपूर्ण सुनावणी झालेल्या प्रकरणांपैकी जवळपास पाव प्रकरणं लग्नाचं वचन मोडल्याची होती. सर्वोच्च न्यायालयासमोर 2003 मध्ये आलेलं कर्नाटकातलं एक प्रकरण या मालिकेत सतत उद्धृत होतं. मुलगा-मुलगी वेगळ्या जातींचे, घरचे विरोध करणार हे दोघांना ठाऊक. न्यायालयाने आरोपीला सोडलं. कारण असं, की मुलगी त्याच्यावर मनापासून प्रेम करत होती आणि तिने होकार दिला तो केवळ वचनावर विसंबून दिला असं म्हणता येत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातलं प्रकरण आलं. दोघंही सरकारी अधिकारी, ओळख 1998 ची, लग्नाचं वचन 2008 मधलं. पुढे त्याला जात आडवी आली. न्यायालयाने तक्रार रद्द केली आणि कसोटी घालून दिली: वचन देतानाच ते खोटं असलं पाहिजे, खरं वचन नंतर मोडणं हा बलात्कार नव्हे. त्याच वर्षी छत्तीसगडच्या एका प्रकरणात मात्र आरोपीचं लग्न दुसरीकडे ठरलेलं असताना त्याने वचन दिलं होतं. तिथे तो दोषीच ठरला.

कायदा म्हणून ही कसोटी बरी आहे, असं माझं मत. पण तक्रारदार बाईला बोलावं काय लागतं ते पाहा. तिने लिहून द्यायचं असतं की मी केवळ वचनामुळे तयार झाले. तिलाही तो हवा होता, हे सांगण्याची जागा ठाण्यातल्या कागदावर नाही. सांगितलं तर तक्रार पडते आणि गावातून नाव जातं. बायका प्रेमाशिवाय शरीराकडे वळत नाहीत याचा पुरावा म्हणून मग हेच जबाब दाखवले जातात. आणि आरोपी? तोही बहुतेकदा म्हणतो, माझं प्रेम होतं, घरचे तयार झाले नाहीत. ते अनेकदा खरंही असतं. प्रेम आणि शरीर यांची गाठ त्याने घातलीच होती. लग्नाची गाठ मात्र त्याने आईवडिलांच्या आणि जातीच्या हातात ठेवली होती. या प्रकरणांत स्त्री-पुरुषांचा स्वभाव शोधणाऱ्यांनी आधी जातीचा रकाना वाचावा.

1 जुलै 2024 रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली. पाळायचा इरादा नसताना लग्नाचं वचन देऊन स्त्रीशी संबंध ठेवणं, हा तिच्या कलम 69 खाली स्वतंत्र गुन्हा झाला. शिक्षा 10 वर्षांपर्यंत. तेच वचन पाळून पुरुषाने लग्न केलं, की पुढे बायकोच्या नकाराचं काय? 2022 च्या मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची यावर दोन मतं झाली आणि प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. नव्या संहितेच्या कलम 63 मध्ये नवऱ्यासाठीचा जुना अपवाद कायम आहे. पूर्वी तो 15 वर्षांवरच्या बायकोपुरता लिहिलेला होता, आता 18 वर्षांवरच्या.